चिटणीस, एकनाथ वसंत
चिटणीस, एकनाथ वसंत : (२५ जुलै १९२५ – २२ ऑक्टोबर २०२५). भारतीय विश्वकिरण-भौतिकीविज्ञ व अवकाश कार्यक्रमाचे एक आद्य संघटक. जन्म कोल्हापूर येथे. शिक्षण पुणे येथे. विक्रम साराभाई यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेल्या अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी विश्वकिरणांवर (बाह्य अवकाशातून पृथ्वीवर येणाऱ्या अतिशय भेदक कणांवर) संशोधन केले. पुढे अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत ब्रूनो रॉसी यांच्या गटात काही काळ काम केल्यावर ते साराभाईंच्या आग्रहावरून स्वदेशी परतले.

१९६२ मध्ये भारतीय राष्ट्रीय अवकाश संशोधन समिती स्थापन झाली व चिटणीस तिचे सदस्य-सचिव झाले. देशाजवळ त्या वेळी स्वतःचे रॉकेट नव्हते. परंतु पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतावरून जाते. या विषुववृत्तालगत वातावरणाच्या वरच्या थरांतून प्रबळ विद्युत् प्रवाह वाहतो. त्याच्या अभ्यासासाठी तेथूनच रॉकेट सोडणे आवश्यक होते. केरळच्या किनाऱ्यावर योग्य स्थळ शोधण्याच्या कामी चिटणीसांचा महत्त्वाचा वाटा होता. त्रिवेंद्रमजवळील थुंबा हे मच्छीमारांचे गाव त्यासाठी निवडण्यात आले व तेथील चर्चच्या इमारतीत कामास आरंभ झाला. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी सुटलेले पहिले रॉकेट अमेरिकन होते, तर त्यातील सोडियम-बाष्पाचे साहित्य फ्रेंच होते. सोव्हिएट रशियाने हेलिकॉप्टर व संगणक दिला. शीतयुद्धाच्या ऐन काळात परस्परविरोधी राष्ट्रांचे साहाय्य एका ठिकाणी आणता आले, ते तळाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाल्यामुळे. २ फेब्रुवारी १९६८ रोजी हा तळ संयुक्त राष्ट्रांना अर्पण करण्यात आला.

हेच धोरण पुढे शिक्षणक्षेत्रातही उपयोगी पडले. खेडोपाडी दूरचित्रवाणी पोहोचविण्यासाठी जमिनीवरील प्रक्षेपकांचे जाळे उभारणे खर्चाचे व वेळखाऊ होते; एकच उपग्रह ते काम करू शकेल, असा साराभाईंचा विचार होता. त्यानुसार १८ सप्टेंबर १९६९ रोजी भारताचा अणुऊर्जा विभाग व अमेरिकेची नासा ही संस्था यांच्यात करार झाला. अमेरिकेने आपला ‘एटीएस–६’ हा उपग्रह एक वर्षापुरता वापरावयास द्यावा आणि भूस्थानके, ग्राहकसंच व कार्यक्रम ही सर्व जबाबदारी भारताने उचलावी, असे ठरले. १९७१ मध्ये साराभाईंचे निधन झाले. तथापि योजना पुढे चालू राहिली व तिच्या व्यवस्थापनाची धुरा चिटणीसांकडे आली.

उपग्रहीय शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग (साइट) १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात पार पडला. आंध्र प्रदेश, ओरिसा, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश व राजस्थान या सहा राज्यांतील सु. २,४०० खेडी त्यासाठी निवडली होती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीच्या, सु. ३ मी. व्यासाच्या आकाशकांनी (अँटेनांनी) उपग्रहाचे संदेश थेट गावात घेतले जात. सकाळी शाळकरी मुलांसाठी, तर सायंकाळी प्रौढांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन इत्यादींविषयीचे कार्यक्रम दाखविले जात. महाराष्ट्रातील खेड्यांचा यात समावेश नव्हता. मात्र मुलांचे विज्ञानविषयक कार्यक्रम तयार करणारा एक स्टुडिओ मुंबईत होता.

या प्रयोगाचे समाजशास्त्रीय मूल्यमापनही करण्यात आले. निरक्षर प्रेक्षकांच्या आरोग्यविषयक माहितीत चांगली भर पडल्याचे आढळले. उलट शाळांतील पटसंख्या व गळती यांवर परिणाम दिसून आला नाही. कार्यक्रम पाहून ज्ञान वाढले, तरी मूल शाळेत टिकण्यास लागणारी घरची परिस्थिती त्यामुळे बदलत नाही, ही मर्यादा यातून स्पष्ट झाली. मुदत संपताच उपग्रह परत गेला. काही भागांत जमिनीवरील प्रक्षेपकांद्वारे कार्यक्रम चालू ठेवण्यात आले. अन्यत्र ते बंद पडले. उसन्या साधनावर कायमची लोकशिक्षणाची व्यवस्था उभी राहत नाही, हा धडा देशाच्या स्वतःच्या उपग्रहमालिकेच्या मागणीस पोषक ठरला. ‘इन्सॅट–१बी’ हा उपग्रह १९८३ मध्ये सोडण्यात आला.

चिटणीस १९८१–८५ या काळात अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे संचालक होते. गुजरातमधील खेडा जिल्ह्यात या केंद्राने चालविलेल्या ग्रामीण दूरचित्रवाणी प्रकल्पास १९८४ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. १९८५ मध्ये चिटणीसांना पद्मभूषण हा किताब देण्यात आला. निवृत्तीनंतर त्यांचे वास्तव्य पुण्यात होते. वयाची शंभर वर्षे पूर्ण केल्यावर तेथेच त्यांचे निधन झाले.

चिटणीसांचे नाव एखाद्या शोधाशी वा सिद्धांताशी जोडले गेलेले नाही. इतर राष्ट्रांकडून साधने मिळवावीत, परंतु ती कशासाठी वापरावयाची हे आपण ठरवावे व त्यांचे फलित मोजून पाहावे, ही कार्यपद्धती भारतीय अवकाश कार्यक्रमात रुजविण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.