दहावी झाली, आता अकरावी : राजाराम कॉलेजसारख्या सरकारी कनिष्ठ महाविद्यालयात पोरांना नेमकं काय मिळतं?

कोल्हापूर : दहावीचा निकाल लागला की गावागावांत एकच विषय सुरू होतो. पोराला कुठं घालायचं? कोण म्हणतं कोल्हापूरला टाका, कोण म्हणतं तालुक्यालाच बरं. जाहिरातींची पत्रकं तर निकालाच्या आधीच घरात येऊन पडलेली असतात. त्या पत्रकांत सरकारी आणि अनुदानित कॉलेजची नावं सहसा नसतात, कारण त्यांना जाहिरात करायची गरजच नसते. म्हणून तिथं काय मिळतं हे आपल्याकडं बऱ्याच पालकांना नीट माहीत नाही. ही माहिती त्यांच्यासाठी.

अकरावी-बारावीला आपण सरळ 'कॉलेज' म्हणतो, पण कायद्याच्या भाषेत ते कनिष्ठ महाविद्यालय, म्हणजे उच्च माध्यमिक. जुन्या माणसांची मॅट्रिक अकरावीला व्हायची. १९७५ पासून दहावीची बोर्ड परीक्षा आली आणि पुढची दोन वर्षं वेगळी झाली. काही ठिकाणी ती हायस्कूलला जोडली, काही ठिकाणी पदवी कॉलेजला. पदवी कॉलेजला जोडलेल्या ठिकाणी मोठी प्रयोगशाळा, मोठं ग्रंथालय आणि मैदान पोरांना आयतं मिळतं, हा मोठा फायदा. परीक्षा मात्र विद्यापीठाची नसते, राज्य मंडळाची असते. कोल्हापूर विभागीय मंडळात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. २०२५ च्या बारावीत या विभागाचा निकाल ९३.६४ टक्के लागला, कोकणानंतर राज्यात दुसरा.

आता राजाराम कॉलेज. शिवाजी विद्यापीठाजवळचं हे कॉलेज सरकारी आहे, आणि विद्यापीठापेक्षा कितीतरी जुनं. विद्यापीठ १९६२ चं, कॉलेजची सुरुवात १८८० ची. परदेशातून परतताना १८७० मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सला ज्यांचं निधन झालं, त्या छत्रपती राजाराम महाराजांचं नाव त्याला आहे. आधी ते भवानी मंडपाच्या परिसरात भरायचं. गोपाळ कृष्ण गोखले इथं शिकले. यशवंतराव चव्हाण इथूनच बी.ए. झाले. कवी माधव जूलियन इथं फारसी शिकवायचे, ना. सी. फडके तत्त्वज्ञान, तर डॉ. आ. ने. उपाध्ये अर्धमागधी. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये हे कॉलेज आर्य समाजाकडं चालवायला दिलं, आणि १९२२ पासून शिवचरित्राचे अभ्यासक डॉ. बाळकृष्ण प्राचार्य होते. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि संस्थानचं कॉलेज सरकारचं झालं. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की सरकारी म्हटलं की आपल्याकडं नाक मुरडतात. पण हे सरकारी म्हणजे कुणीकडचं पडकं कॉलेज नव्हे. चंदगडच्या शेतकऱ्याचं पोरगं आणि शहरातल्या डॉक्टरचं पोरगं इथं एका बाकावर बसतं. गुणांच्या जोरावर प्रवेश मिळत असल्यानं विज्ञानाची यादी उंच जाते.

अकरावीला इथं कला आणि विज्ञान. कॉमर्स करायचं असेल तर शहरात देशभक्त रत्नाप्पा कुंभार कॉलेज ऑफ कॉमर्स आहे. विवेकानंद, न्यू कॉलेज, गोखले, शहाजी, महावीर ही खासगी संस्थांची मोठी नावं. मुलींसाठी कमला कॉलेज. खासगी संस्थेच्या कॉलेजात एक गोष्ट डोळे उघडे ठेवून विचारा : ही तुकडी अनुदानित, विनाअनुदानित का स्वयंअर्थसहाय्यित? एकाच इमारतीत, एकाच नावाखाली तिन्ही असू शकतात. फळा तोच, फी मात्र वेगळी. अनुदानित तुकडीत शिक्षकांचा पगार शासन देतं, म्हणून फी कमी. मुलींना तर बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे. प्रवेश यादीत पोराचं नाव कुठल्या तुकडीत लागलंय हे न बघता पैसे भरणारे पालक दरवर्षी भेटतात.

विषयांचं गणित असं. बारावी ६०० गुणांची, सहा विषय, प्रत्येकी १०० गुण. इंग्रजी सगळ्यांना सक्तीचं. पर्यावरण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण यांना श्रेणी मिळते, त्यात पोरं सहसा अडकत नाहीत. विज्ञानात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र. गणित सोडून बाकी तिन्हींना ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिक, गणिताला ८० लेखी आणि २० प्रात्यक्षिक. चार विषयांचे मिळून ११० गुण प्रात्यक्षिकांत ठरतात. पासाला ३५ लागतात. गणित झेपत नसेल तर गणिताऐवजी भूगोल घेऊन डॉक्टरकीच्या गटात राहता येतं. पण मग इंजिनिअरिंगचं दार बंद होतं, हे पोराला आधी समजावून सांगा.

कित्येकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे द्विलक्षी विषय. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, क्रॉप सायन्स असे हे विषय २०० गुणांचे असतात. ते घेतले की दुसरी भाषा आणि आणखी एक विषय, बहुतेक वेळा जीवशास्त्र, सुटतो. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या पोराला हे सोयीचं. पण कृषी, नर्सिंग किंवा मेडिकलचा विचार डोक्यात असेल तर जीवशास्त्र सोडू नका. प्रत्येक कॉलेजात प्रत्येक द्विलक्षी विषय नसतो, जागाही मोजक्या असतात. प्रवेश घेतानाच चौकशी करा.

विज्ञानाबद्दल एक स्पष्ट बोलतो. गावात दहावीला ८५ टक्के पडले की विज्ञान, ६० पडले की कला, असा अलिखित नियमच झालाय. पोराला काय आवडतं हे कुणी विचारत नाही. विज्ञान इंग्रजीतून शिकवतात. मराठी माध्यमातून आलेल्या पोराला पहिले तीन महिने काहीच कळत नाही, आणि ते घरी सांगतही नाही. माझ्या थोरल्या पोरीचं असंच झालं. दिवाळीपर्यंत गप्प होती. शेवटी तिच्या रसायनशास्त्राच्या बाईंनीच वर्गानंतर बोलावून घेतलं, शब्दांची वही करायला लावली, आणि गाडी रुळावर आली. मोठ्या कॉलेजात एका वर्गात शंभरावर पोरं असतात, शिक्षक प्रत्येकाच्या मागं लागत नाहीत. पण स्टाफरूमच्या दारात जाऊन उभं राहणाऱ्याला नाही म्हणणारे शिक्षक मी फार बघितले नाहीत. तेवढं दारात जायचं धाडस पोराला घरातून द्यावं लागतं.

कला शाखेला कमी लेखू नका. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, मानसशास्त्र, तर्कशास्त्र हे विषय पुढं स्पर्धा परीक्षेला थेट कामाला येतात. पोलीस भरतीला बारावी पास लागते, शाखा कुठलीही. एनडीएच्या लष्कर विभागाला सुद्धा बारावी कुठल्याही शाखेची चालते. नौदल आणि हवाई दलासाठी मात्र गणित-भौतिकशास्त्र पाहिजे. २०२१ पासून एनडीएची परीक्षा मुलींनाही खुली आहे. सैनिक टाकळीसारखी गावं असलेल्या जिल्ह्यात हे पाठच असायला पाहिजे. ज्यांना सैन्यात जायचंय त्यांनी कॉलेजात एनसीसी आहे का ते आधी बघावं. अकरावीच्या सुरुवातीलाच निवड होते, नंतर घेत नाहीत. दोन वर्षांनी 'बी' प्रमाणपत्राची परीक्षा देता येते. खेळाडू पोरांनी स्पर्धेची प्रमाणपत्रं जपून ठेवावीत. सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव कॉलेजमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडं आणि तिथून मंडळाकडं जातो, आणि त्याला तारीख असते.

आता 'इंटिग्रेटेड' नावाचा प्रकार. नाव एका कॉलेजात, दिवसभर बसायचं दुसऱ्याच क्लासात. माझ्या पुतण्याला आम्ही असंच घातलं होतं, ऊसबिलाचे पैसे एकरकमी भरून. कॉलेजची पायरी त्यानं किती वेळा चढली ते बोटावर मोजता येईल. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला ब्युरेट हातात घेतल्यावर त्याचा हात थरथरत होता, कारण ती त्यानं पहिल्यांदाच धरली होती. सीईटीलाही फार काही हाती लागलं नाही. क्लास लावूच नका असं म्हणणं नाही, काही पोरांना त्याचा उपयोग होतो. पण मंडळाचा नियम ७५ टक्के हजेरीचा आहे. आणि एमएचटी-सीईटीत ८० टक्के प्रश्न बारावीचे, २० टक्के अकरावीचे असतात, तीच पुस्तकं कॉलेजात शिकवतात. शिवाय इंजिनिअरिंगला खुल्या प्रवर्गाला विषयगटात बारावीचे ४५ टक्के, मेडिकलला ५० टक्के लागतातच. नुसत्या सीईटी-नीटवर भागत नाही.

प्रवेश कसा होतो? २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. त्याआधी कोल्हापूर शहराची केंद्रीय प्रक्रिया वेगळी होती आणि तालुक्यांत कॉलेजात जाऊन फॉर्म भरायचा. आता गारगोटीचं असो वा गडहिंग्लजचं, सगळ्यांना पोर्टलवरच. फॉर्मचा पहिला भाग म्हणजे स्वतःची माहिती, दुसरा भाग म्हणजे कॉलेजांचे पसंतीक्रम. किमान एक, जास्तीत जास्त दहा कॉलेजं टाकता येतात. इथंच घोटाळा होतो. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. म्हणून 'टाकून तर बघू' म्हणून पहिल्या नंबरला भलतं कॉलेज टाकू नका. कॅफेवाल्याला पसंती भरू देऊ नका, त्याला तुमच्या एसटीची वेळ माहीत नसते. गेल्या वर्षीची गुणांची यादी बघून वर दोन उंच, मधे चार-पाच बेताची, खाली हमखास मिळणारी अशी मांडणी करा. धरणग्रस्त, आजी-माजी सैनिकांची मुलं, खेळाडू यांना समांतर आरक्षण आहे. आपल्या जिल्ह्यात धरणग्रस्तांची संख्या बघता तो दाखला कपाटात पडून राहायला नको. खासगी संस्थांकडं ५ टक्के व्यवस्थापन कोटा असतो, अल्पसंख्याक संस्थांकडं त्यांच्या समाजासाठी ५० टक्के जागा.

जाण्या-येण्याचं बघूया. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास अहिल्यादेवी होळकर योजनेतून मोफत. मुलग्यांना तिकिटाच्या ३३.३३ टक्केच भरावे लागतात, बाकी सवलत. पण पास मोफत असला तरी गाडी वेळेवर पाहिजे. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याच्या आतल्या गावातनं पहिली गाडी चुकली की सकाळचं प्रात्यक्षिक गेलंच म्हणायचं. स्टँडवर उतरून पुढं विद्यापीठाकडं केएमटी. जाऊन-येऊन चार तास एसटीत जात असतील तर पोर अभ्यास कधी करणार? अशा वेळी गारगोटीचं मौनी विद्यापीठ किंवा गडहिंग्लजचं शिवराज कॉलेज तुमच्या पोरासाठी कोल्हापूरपेक्षा चांगलं ठरू शकतं. यात कमीपणा नाही.

राहायचंच असेल तर कोल्हापूरला वसतिगृहांची परंपरा आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून समाजासमाजाची बोर्डिंगं उभी केली. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क, अशी रांगच लागली. त्यातली काही आजही सुरू आहेत. समाजकल्याणची सरकारी वसतिगृहं आहेत, त्यांचे अर्ज कॉलेज प्रवेशानंतर लगेच करायचे असतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध पोरांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचा खर्च खात्यावर मिळू शकतो, अकरावीपासूनच.

शिष्यवृत्तीत दोन गोष्टी लोक विसरतात. आठवीत एनएमएमएस परीक्षा पास झालेल्या पोराला बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पण अकरावी सरकारी किंवा अनुदानित ठिकाणीच पाहिजे, आणि दहावीला खुल्या गटाला ६० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५५ टक्के लागतात. विनाअनुदानित तुकडीत घातलं की ही रक्कम गेली. दुसरी, अनुसूचित जातीच्या पोरांना दहावीला ७५ टक्क्यांच्या वर गुण असतील तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती, महिन्याला ३०० रुपये, दहा महिने. अर्ज महाडीबीटीवर. आधार आणि बँक खातं जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जात पडताळणी. विज्ञान शाखेच्या आरक्षित प्रवर्गातल्या पोरांनी कॉलेजचं पत्र घेऊन ऑनलाइन अर्ज अकरावी-बारावीतच करायचा. बारावीचा निकाल लागल्यावर धावाधाव केली की समितीसमोर रांग, आणि सीईटीचा नंबर लागूनही जागा हातातून जाते. आमच्या शेजारच्या पोराची बी.एस्सी. ॲग्रीची जागा अशीच गेली. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरची जातीची नोंद शोधायलाच दोन महिने लागले होते. वडील, चुलते, आजोबा यांचे शाळेचे दाखले आणि जुन्या महसुली नोंदी आत्ताच काढून ठेवा. नॉन-क्रीमीलेअर आणि ईडब्ल्यूएस दाखल्याला मुदत असते, तीही बघा.

प्रवेशाला जाताना दहावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा मूळ दाखला, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, आधार, फोटो, आणि समांतर आरक्षणाचे कागद सोबत ठेवा. प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स काढा. मूळ दाखला एकदा कॉलेजात जमा झाला की प्रवेश रद्द केल्याशिवाय परत मिळत नाही, त्यामुळं देण्याआधी मोबाईलमध्ये त्याचा स्वच्छ फोटो काढून ठेवा.