आउटलॉ कंट्री आणि कंट्री-रॉक : निवडक अल्बम

अमेरिकी कंट्री संगीतातील दोन परस्परसंबद्ध प्रवाह. कंट्री-रॉक १९६८ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील रॉक वादकांनी घडवला. आउटलॉ कंट्री हा १९७० च्या दशकात नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रण-व्यवस्थेशी भांडलेल्या गायकांचा. या बिरुदामुळे गुन्हेगारीच्या गाण्यांची अपेक्षा धरून बसणाऱ्याची थोडी निराशा होईल. भांडणाचा विषय साधा होता : गाणी कोणी निवडायची, साथीला कोणाला घ्यायचे आणि मुद्रण कुठे करायचे.

१९५० च्या दशकाच्या अखेरीपासून चेट अ‍ॅटकिन्स, ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी नॅशव्हिलमध्ये एक गुळगुळीत शैली रुळवली होती. फिडल आणि स्टील गिटार मागे सरले. व्हायोलिनांचा ताफा आणि समूहस्वर पुढे आले. स्टुडिओतले ठरावीक वादक एकामागून एक गायकांना साथ करीत. गायकाचे स्वतःचे साथीदार बहुधा दौऱ्यापुरतेच. खप वाढला, पण बरीचशी गाणी एकाच घडणीची वाटू लागली.

एकेकाळी बडी हॉली यांच्याकडे बास वाजवणारे टेक्ससचे वेलन जेनिंग्ज (१९३७–२००२) यांनी १९७२ च्या सुमारास आरसीए कंपनीकडून निर्मितीचे अधिकार पदरात पाडून घेतले. ‘हाँकी टाँक हीरोज’ (१९७३) हे त्याचे पहिले मोठे फळ. त्यातील दहापैकी नऊ गाणी तोवर फारसे कोणाला माहीत नसलेले गीतकार बिली जो शेव्हर यांची आहेत. वाद्ये मोजकी आणि आवाज राकट. ‘ड्रीमिंग माय ड्रीम्स’ (१९७५) अधिक परिपक्व असला, तरी पहिल्यांदा ऐकणाऱ्याने शेव्हर यांच्या गाण्यांपासूनच सुरुवात करावी.

विली नेल्सन (जन्म १९३३) हे नॅशव्हिलमध्ये गीतकार म्हणून नावाजलेले, गायक म्हणून मात्र उपेक्षित. त्यांचे गायन ठेक्याच्या किंचित मागे-पुढे रेंगाळते आणि ते तिथल्या साच्यात बसेना. ते टेक्ससला परतले. कोलंबिया कंपनीसाठी त्यांनी ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ (१९७५) हा अल्बम टेक्ससमधील गार्लंड येथे स्वतःच्याच साथीदारांसह अल्प खर्चात मुद्रित केला. पत्नी आणि तिचा प्रियकर यांचा खून करून भटकणाऱ्या एका धर्मोपदेशकाची ही सलग कथा. नायलॉनच्या तारांची गिटार, बहीण बॉबी यांचा पियानो, मिकी राफेल यांची हार्मोनिका. काही ठिकाणी तर गिटार आणि आवाज एवढेच. हा कच्चा नमुनाच आहे, अशी कंपनीतल्या काहींची समजूत झाली होती. करारामुळे तो जसाच्या तसा निघाला. त्यातील फ्रेड रोझ यांचे जुने गाणे नेल्सन यांचे गायक म्हणून पहिले अव्वल क्रमांकाचे कंट्री गाणे ठरले. या यादीतला एकच अल्बम ऐकायचा असेल, तर हा.

‘वाँटेड! द आउटलॉज’ (१९७६) हा मात्र विक्रीकलेचा नमुना. जेनिंग्ज, नेल्सन, जेसी कोल्टर आणि टॉमपॉल ग्लेझर यांची बहुतांश आधीच मुद्रित झालेली गाणी एकत्र करून आरसीएने फरारी आरोपीच्या जाहिरातीसारखे मुखपृष्ठ लावले. ज्या कंपनीशी भांडण, तिनेच बंडाचे दुकान मांडले. प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळवणारा हा पहिला कंट्री अल्बम. अर्थात हे प्रमाणपत्र सुरूच त्या वर्षी झाले. संग्रह म्हणून तो विस्कळीत आहे. त्यापेक्षा गाय क्लार्क यांचा ‘ओल्ड नंबर वन’ (१९७५) किंवा लकेनबाख या टेक्ससमधील चिमुकल्या गावातल्या नृत्यगृहात मुद्रित झालेला जेरी जेफ वॉकर यांचा ‘व्हिवा तेरलिंग्वा’ (१९७३) अधिक टिकाऊ.

कंट्री-रॉकचा विचार ग्रॅम पार्सन्स (१९४६–७३) यांना वगळून होत नाही. ‘द बर्ड्स’ या रॉक गटात ते जेमतेम काही महिने होते. तेवढ्यात ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ (१९६८) घडला. करारातील वादामुळे त्यांच्या काही गाण्यांवर रॉजर मॅगिन यांचा आवाज चढवण्यात आला. त्याच वर्षी हा गट नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ कार्यक्रमात गायला, तेव्हा पार्सन्स यांनी ठरलेले गाणे ऐनवेळी बदलले आणि यजमान संतापले. पुढे ‘फ्लाइंग बरिटो ब्रदर्स’च्या ‘द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन’मध्ये (१९६९) स्नीकी पीट क्लाइनो यांनी पेडल स्टील गिटारचा स्वर विजेच्या करामतीने खरखरीत केला. हिंदी चित्रपटगीतांच्या वाद्य-तबकड्यांतून ओळखीच्या झालेल्या हवाईयन गिटारच्याच कुळातले हे वाद्य, पण इथे ते ओळखूही येत नाही. ‘ग्रीव्हस एंजल’ (१९७४) पार्सन्स यांच्या मृत्यूनंतर निघाला. त्यातील एमिलू हॅरिस यांची सोबत हेच त्याचे मोठे आकर्षण. ‘ईगल्स’चा ‘डेस्पराडो’ (१९७३) अधिक लोकप्रिय. पण त्यातील गावगुंड फार नीटनेटके वाटतात.

‘निटी ग्रिटी डर्ट बँड’चा ‘विल द सर्कल बी अनब्रोकन’ (१९७२) हा तीन तबकड्यांचा संच वेगळ्या वाटेने जातो. केस वाढवलेल्या या तरुणांनी नॅशव्हिलला जाऊन मदर मेबेल कार्टर, रॉय एकफ, अर्ल स्क्रग्ज या बुजुर्गांना पाचारण केले. डॉक वॉटसन आणि मर्ल ट्रॅव्हिस या दोन गिटारवादकांची पहिली भेट, तिथल्या गप्पांसह, याच मुद्रणात जतन झाली आहे.

उत्तरकाळात स्टीव्ह अर्ल यांचा ‘गिटार टाउन’ (१९८६), ‘अंकल टुपेलो’चा ‘नो डिप्रेशन’ (१९९०) आणि स्टर्जिल सिम्पसन यांचा ‘मेटामॉडर्न साउंड्स इन कंट्री म्युझिक’ (२०१४) हे या परंपरेतील उल्लेखनीय अल्बम. सिम्पसन यांच्या आवाजात जेनिंग्ज ऐकू येतात; अल्बमच्या नावात मात्र रे चार्ल्स यांच्या १९६२ च्या कंट्री-अल्बमला सलाम आहे.