पायीची वहाण

प्राचीन रोममध्ये पायांकडे पाहिले की माणसाची पायरी कळत असे. नागरिकाने ‘टोगा’ या वस्त्राबरोबर ‘काल्केउस’ हा पाऊल झाकणारा जोडा घालावा, ‘सोलेआ’ ही साधी चप्पल घरातच वापरावी, असा शिष्टाचार होता. मेजवानीला बसताना चपला काढत. त्यामुळे ‘चपला मागणे’ म्हणजे निरोप घेणे. सैनिकाच्या पायांत ‘कालिगा’ असे. छावणीत वाढलेल्या एका राजपुत्राला तिच्यावरून ‘कालिगुला’ हे टोपणनाव पडले आणि सम्राट झाल्यावरही ते सुटले नाही. सम्राट डायोक्लेशनने इ. स. ३०१ मध्ये कमाल दर ठरवले. त्यांत सिनेटराच्या जोड्याला १०० दिनारिउस, तर खेचरे हाकणाऱ्याच्या किंवा शेतकऱ्याच्या उत्तम बुटाला १२०! मान किमतीत नव्हता. तो जोडा कोणी घालायचा, यात होता.

हा हिशेब आपल्याला परका नाही. ‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण आपण सहज वापरतो. तिच्यात वहाणेविषयी काहीच नाही. माणसाने पायरी सोडू नये, एवढेच आहे. अस्पृश्य मानलेल्या माणसाला सवर्णांच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. रोमन दरपत्रक निदान दगडावर कोरलेले होते. आपला नियम लिहून ठेवण्याची गरजच पडली नाही.

तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली. आमच्या दौंड तालुक्यात यवत आणि वरवंड येथे ही पालखी आजही मुक्काम करते. पादुकांवर माथा टेकायला गाव लोटते. पादुका म्हणजे तरी काय? वहाणच. संताच्या पायांतली ती पूज्य ठरली आणि ती शिवणारा चांभार मात्र गावकुसालगत राहिला. शिरूर-दौंडच्या या कोरडवाहू मुलखात मळ्याच्या विहिरीवर चामड्याची मोट चाले. तीही चांभाराच्या हातची, बलुत्याच्या धान्यावर शिवलेली. त्या मोटेचे पाणी पिकाला चालले. त्याच्या हातचे पाणी मात्र चालले नाही.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये मिलानमधील एका फॅशन प्रदर्शनात तशाच चपला, तिचे नाव न घेता, झळकल्या आणि महाराष्ट्रभर ‘आमची चप्पल’ म्हणून संताप उसळला. तो रास्तच होता. पण चप्पल ‘आमची’ म्हणताना ती शिवणारे हातही ‘आमचे’ होते का, हा प्रश्न मिलानला विचारता येणार नाही. तो यवतला, वरवंडला आणि आपल्या वर्गातल्या मुलांसमोर विचारावा लागेल. आणि त्याआधी ती म्हण उच्चारताना आपण थोडे थबकावे लागेल.