वेंगुर्ला
वेंगुर्ला (वेंगुर्ले) : सिंधुदुर्ग (1981 पूर्वी रत्नागिरी) जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व अरबी समुद्रावरील बंदर. गोव्यातील आग्वाद किल्ल्याच्या उत्तरेस, सरळ रेषेत सु. 40 किमी. ‘डचांचे व्यापारी ठाणे’ ही त्याची रूढ ओळख अपुरी आहे. हे गाव मुख्यतः दुसरीकडे निघालेल्या जहाजांना शिधापाणी पुरवून मोठे झाले. विजापूरच्या आदिलशहाच्या परवानगीने डचांनी 1637 मध्ये येथे वखार घातली, तेव्हा त्यांचे आरमार गोव्याची नाकेबंदी करीत होते (1636–44, पुन्हा 1656–63). पाऊस सरला की जहाजे गोव्याच्या बाऱ्यासमोर नांगर टाकीत आणि पुढचा पावसाळा तोंडावर येईपर्यंत तिथेच उभी राहत. एवढ्या खलाशांना गोडे पाणी आणि तांदूळ जवळच्या किनाऱ्यावरून मिळणे भाग होते. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्न्ये येथील याच दोन गोष्टींची वाखाणणी करतो. वेलचीचा उल्लेख त्यानंतर येतो. वखारीची भक्कम इमारत 1655 च्या सुमाराची, म्हणजे दुसऱ्या नाकेबंदीच्या तोंडावरची. 1663 मध्ये पोर्तुगीजांशी झालेला तह अमलात आला, कोचीन डचांच्या हाती आले आणि शतक संपेपर्यंत वेंगुर्ल्याची वखार मागे पडली.

यावर आक्षेप असा, की ऱ्हासाचे कारण तह नसून जाळपोळ आहे : 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी आणि 1675 मध्ये मोगलांनी गाव जाळले. पण सुरत दोनदा लुटली गेली, तरी तेथील वखारी टिकल्या, कारण तेथे व्यापार होता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 1812 मध्ये सावंतवाडीकरांकडून बंदर इंग्रजांकडे आल्यावर घाटावरून बेळगाव-धारवाडचा कापूस येथेच उतरू लागला. मात्र तो मालही वाटेवरचाच होता. मार्मागोव्याला रेल्वे पोहोचली (1888) आणि त्याने वाट बदलली. भूमध्य समुद्रातील व्हॅलेटासारखे जमिनीने वेढलेले खोल पाणी येथे नाही. पावसाळ्यात बंदर बंदच असे, आणि एरवीही मोठी जहाजे बाहेर उभी राहून माल पडावांतून उतरवीत. मुंबई-गोवा आगबोटी येथे थांबत, तोवर ही जुनी भूमिका चालू राहिली. समोरचे वेंगुर्ला खडक (बर्न्ट आयलंड्स) नाविकांना धोक्याचे, म्हणून तेथे दीपगृह आहे. तेथील गुहांतील पाकोळ्यांच्या घरट्यांची चोरटी विक्रीही झालेली आहे.

मासेमारी, आंबा व काजू ही उत्पन्नाची साधने. फळ संशोधन केंद्राने (स्था. 1957) काढलेल्या ‘वेंगुर्ला-4’, ‘वेंगुर्ला-7’ या काजूच्या जाती प्रसिद्ध आहेत. डच वखार पडक्या अवस्थेत आहे. तिची गणना व्यापारी इमारतींत न करता गोव्याच्या नाकेबंदीच्या अवशेषांत करणे अधिक योग्य ठरेल.