मोहाचा मुलूख आणि त्याचे प्रवासी

मद्याच्या मुलखातून हिंडणे ही आधुनिक पर्यटनाची एक मान्य रीत झाली आहे. जर्मनीत १९३५ साली पॅलॅटिनेटच्या द्राक्षमळ्यांतून जाणारा 'वाइनमार्ग' आखला गेला, फ्रान्समधील आल्सासमध्ये १९५३ साली. पुढे अशा प्रदेशांत वाटाड्यासह सायकलवरून हिंडणाऱ्यांच्या सहली निघू लागल्या. महाराष्ट्रात २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणानंतर नाशिकच्या परिसराला हीच प्रतिष्ठा लाभली. या सर्व ठिकाणी भूमी, पीक, पेय आणि पाहुणा यांचे नाते उजळ माथ्याने सांगितले जाते. नंदुरबार जिल्ह्यातही असा एक मुलूख आहे. मात्र तेथील पेय द्राक्षाचे नसून मोहाचे आहे, आणि त्याचा लेखी इतिहास बहुतांशी आबकारीच्या दप्तरात अडकून पडला आहे.

प्रवासी या भागात आले नाहीत असे नव्हे. सुरतेहून बुऱ्हाणपुरास जाणारा मोगलकालीन राजमार्ग नवापूर व नंदुरबार येथूनच जात असे. विल्यम फिंच १६१० मध्ये आणि सर टॉमस रो १६१५ मध्ये या वाटेने गेले. ताव्हेर्न्ये या फ्रेंच जवाहिऱ्याने नवापूरच्या बारीक, कस्तुरीगंधी तांदुळाची मनापासून स्तुती केली आहे. १६६६ च्या सुमारास नंदुरबार हे द्राक्षे व खरबुजे यांसाठी नावाजलेले होते, अशीही नोंद आढळते. योगायोग असा की, ज्या फळामुळे आज नाशिकला पाहुणे येतात ते फळ नंदुरबारच्या वर्णनात साडेतीन शतकांपूर्वीच आलेले आहे. तथापि या नोंदी राजमार्गाच्या दुतर्फा दिसणाऱ्या वस्तूंच्या आहेत. उत्तरेस तापीपलीकडे सातपुड्यात भिल्ल, पावरा आदी समाजांच्या जीवनात जे झाड अन्न, तेल आणि पेय या तिन्ही रूपांनी भिनलेले होते, त्याच्यापर्यंत ही वाट पोहोचतच नव्हती.

'मोह' हा शब्द संस्कृत 'मधूक' आणि प्राकृत 'महुअ' यांच्या द्वारे मराठीत आला. गुजरातीतील 'महुडो' त्याचाच भाऊबंद होय. भ्रांतिवाचक 'मोह' (धातू 'मुह्') याच्याशी त्याचा व्युत्पत्तीने काही संबंध नाही. हा श्लेष नीतिबोधकांना कितीही सोयीचा वाटो, भाषाशास्त्राला तो मान्य होण्यासारखा नाही. वसंताच्या अखेरीस पहाटे झाडाखाली पडलेली मांसल फुले वेचावयाची, वाळवून साठवावयाची, टंचाईच्या दिवसांत खावयाची. आणि पाण्यात भिजवून आंबली की त्यांचा अर्क काढावयाचा, असा हा क्रम. जन्म, विवाह, मृत्यू आणि देवकार्य यांत त्या अर्काची धार भूमीला व पूर्वजांना आधी वाहिली जाते.

'आबकारी' हा शब्द मात्र बाहेरून आला. फारसीत मद्य तयार करण्याचा धंदा असा त्याचा मूळ अर्थ. पुढे त्या धंद्यावरील कर आणि अखेर तो कर वसूल करणारे खाते, असा त्याचा प्रवास झाला. या अर्थांतरात वसाहतकालीन धोरणाचा सारा आशय सामावला आहे. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने घरगुती गाळप गुन्हा ठरले व मक्तेदाराच्या दुकानातील दारू विकत घेणे भाग पडले. १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी स्वतंत्र मोह कायदा करून फुलांच्या साठ्यावरच बंधन घातले गेले. खुद्द फूल संशयित ठरले! जे पेय अंगणातल्या झाडापासून फुकट मिळे, त्यासाठी रोख पैसा किंवा उधारी लागू लागली. या प्रदेशातील दुकाने पुष्कळ ठिकाणी पारशी मक्तेदारांकडे होती. दारूची उधारी आणि जमिनीचे कर्ज यांची गाठ पडावयास फार काळ लागला नाही.

आदिवासींच्या मद्यत्यागाच्या चळवळी या पार्श्वभूमीवर पाहिल्या पाहिजेत. १९२२ च्या नोव्हेंबरात दक्षिण गुजरातेत 'देवी'चा संचार सुरू झाला आणि तेथून ती पश्चिम खानदेशात आली. दारू-ताडी सोडा, मांस-मासळी वर्ज्य करा, रोज स्नान करा, पारशी दुकानदारांवर बहिष्कार घाला, अशा तिच्या आज्ञा अंगात आलेल्यांच्या मुखातून गावोगाव पोहोचल्या. डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीचा जो अभ्यास केला आहे, त्यातून तिचा उगम आदिवासींच्या स्वतःच्या निर्णयात होता हे स्पष्ट होते. काँग्रेसचे कार्यकर्ते मागाहून आले. सुरत जिल्ह्यात पुढे त्यागाला चिकटून राहिलेले 'वरजेला' आणि पुन्हा पिऊ लागलेले 'सरजेला' अशी फळी पडली. १९३८ मध्ये तळोदे तालुक्यातील मोरवड येथे गुला महाराजांनी हाच उपदेश नव्याने केला. त्याच वर्षी ते निवर्तले, पण त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी कार्य चालविले. येथे नीतिसुधारणा आणि सावकाराच्या पाशातून सुटण्याचा मार्ग यांची फारकत करणे चूक ठरेल. तसेच, या त्यागावरून मोहाचे मूळ स्थान हीन होते असे अनुमान काढणेही चूक होय. लोकांनी सोडली ती दुकानाची दारू. तिच्याबरोबर देवाच्या धारेचे काय करावयाचे, हा प्रश्न प्रत्येक घरापुढे उभा राहिला, आणि त्याचे उत्तर सर्वांनी एकच दिले नाही.

१९४९ च्या दारूबंदी कायद्याने महसुलाऐवजी नीती हे कारण पुढे केले, परंतु घरगुती गाळपापुरता परिणाम तोच राहिला. महाराष्ट्र शासनाने मोहफुलांचे संकलन, वाहतूक व साठवण यांवरील निर्बंध उठविले ते २०२१ मध्ये. म्हणजे द्राक्षमद्याला उत्पादन शुल्कात सवलत दिल्यानंतर वीस वर्षांनी. गाळपाची मोकळीक त्यात नव्हती.

या मुलखाचा स्वतःचा प्रवास मात्र पूर्वापार चालू आहे. महाशिवरात्रीच्या सुमारास अक्कलकुवा, तळोदे, धडगाव या भागांतील कुटुंबे याहामोगी देवीच्या दर्शनासाठी देवमोगऱ्यास जातात. पुढे वाट जाणणारी वडीलधारी माणसे, मागे बायकामुले. टोपलीत नवे धान्य आणि सोबत मोहाचा अर्क. देवमोगरा गुजरातेतील सागबारा तालुक्यात आहे आणि १९६० मध्ये स्थापन झाल्यापासून त्या राज्यात दारूबंदी आहे. सीमा ओलांडून नेलेली ती धार देवीपुढे वाहिली जाते.