कर्करोगावर प्रतिकारशक्ती शमवणारे औषध : एका उलट्या वाटेचा इतिहास

प्रतिकारशक्ती दीर्घकाळ दडपली गेली की लिम्फोमाचा धोका वाढतो, हा अवयव प्रत्यारोपणाने वैद्यकाला दिलेला धडा. तरीही त्वचेखालच्या एका दुर्मीळ लिम्फोमात, केमोथेरपीनंतर रोग उलटला असता, नेमके प्रतिकारशक्ती शमवणारे औषध उपयोगी पडते. हे कसे उमगले?

त्या औषधाचे नाव सायक्लोस्पोरिन. नॉर्वेतील मातीच्या नमुन्यात सापडलेल्या एका बुरशीपासून ते मिळाले. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सँडोझ कंपनीत १९७२ साली त्याचा खरा गुण दिसला : ते टी पेशींना चेतवणारा संकेत रोखते. १९८३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि प्रत्यारोपणाचे शास्त्रच बदलले.

हा लिम्फोमा स्वतंत्रपणे वर्णिला गेला तो १९९१ साली. टी पेशी त्वचेखालील चरबीच्या थरात शिरतात, हातापायांवर व धडावर गाठी उठतात, ताप येतो. ल्युपसमुळे किंवा क्षयाच्या संदर्भात होणारा चरबीचा दाहही असाच दिसू शकतो. म्हणून भारतासारख्या देशात निदान अधिकच अवघड. रोगाच्या नावात ‘लिम्फोमा’ असल्याने उपचार मात्र बहुधा जहाल केमोथेरपीचा होई.

२००७ साली थायलंडमधील डॉक्टरांनी या रोगात सायक्लोस्पोरिनचा उपयोग झाल्याचे नोंदवले. २००८ साली युरोपातील ८३ रुग्णांच्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : एकाच नावाखाली दोन रोग नांदत होते. अल्फा-बीटा प्रकारात पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ८२ टक्के, तर गॅमा-डेल्टा प्रकारात अवघे ११ टक्के. पहिल्या प्रकारात सौम्य उपचारांना वाव होता. दुसऱ्याला तसे वागवणे घातक ठरले असते.

कारण उलगडले २०१८ साली. अनेक रुग्णांत टिम-३ या प्रथिनाच्या जनुकात जन्मजात दोष आढळला. हे प्रथिन टी पेशींचा लगाम. दोषामुळे ते पेशीच्या पृष्ठभागावर नीट पोहोचत नाही. पेशी मोकाट सुटतात, दाह भडकतो, आणि काहींत शरीर स्वतःच्याच रक्तपेशी गिळू लागते. येथे आग कर्कपेशींइतकीच प्रतिकारशक्तीचीही आहे. म्हणूनच तिला शमवणारे औषध लागू पडते.

सायक्लोस्पोरिन आज भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते मूत्रपिंडाला अपाय करू शकते, रक्तदाब वाढवू शकते; तज्ज्ञांच्या देखरेखीविना ते घेण्याजोगे नाही. पण औषध हाती असणे पुरेसे नसते. गाठीचा तुकडा काळजीपूर्वक तपासून रोगाचा प्रकार ओळखणारा विकृतिशास्त्रज्ञही हवा. या रोगाच्या बाबतीत नवे औषध शोधावे लागले नाही. जुन्या औषधाची योग्य जागा कळण्यासाठी रोगालाच नीट ओळखावे लागले.