ऋतुकालाची गणना व सन १८९१ चा संमतिवयाचा वाद

स्त्रियांच्या ऋतुकालाचा हिशेब आमच्या पूर्वजांनीं कसा ठेविला, हा विषय संशोधकांच्या चर्चेंत क्वचितच येतो. विषय संकोचाचा, त्यामुळें जुनीं बाडें चाळतांना असलीं पानें बाजूस पडतात. परंतु याच हिशेबावरून सन १८९१ मध्यें महाराष्ट्रांत मोठा वाद माजला, आणि त्यांत ग्रंथप्रमाणें घेऊन उतरलेला एक अग्रगण्य पंडित मालवणचा होता. सबब मूळ गणना काय होती, हें आम्ही प्रथम पाहतों.

वैद्य व स्मृतिकार यांचें येथें एकमत नाहीं. सुश्रुत ऋतुकाल बारा रात्रींचा धरतो व तेराव्या रात्रीपासून पुढील काल निंद्य मानतो. वाग्भटही बाराच म्हणतो. मनु व याज्ञवल्क्य सोळा रात्री सांगतात. पैकीं पहिल्या चार, अकरावी व तेरावी मनूस वर्ज्य. काल संपतांच गर्भाशयाचें मुख मिटतें, हें सांगण्यास सुश्रुतानें सायंकाळच्या कमळाचा दृष्टांत योजिला आहे. रज दृष्टीस न पडतांही ऋतु असूं शकतो, असें कित्येकांचें मतही तो नमूद करतो आणि मुखावरून, वृत्तीवरून तो ओळखण्याच्या खुणा देतो. हें निरीक्षण केवळ पोथीवरचें नव्हे. सम रात्रीं पुत्र व विषम रात्रीं कन्या, हा दोन्ही पक्षांस मान्य असलेला नियम मात्र निराधार आहे.

सन १९२४ मध्यें जपानचे ओगिनो व १९२८ च्या सुमारास ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनीं दाखविलें कीं, बीज सुटतें तें पुढील पाळीच्या सुमारें चौदा दिवस आधीं. म्हणजे खरा हिशेब उलटा, पुढून मागें करावा लागतो. अठ्ठावीस दिवसांची पाळी धरली तर तो दिवस चौदावा येतो. तो वैद्यांच्या बारा रात्रींत बसत नाहीं. स्मृतींच्या सोळांत बसतो. धर्मशास्त्री वैद्यांपेक्षां सत्याच्या अधिक जवळ असावेत, ही गोष्ट गमतीची खरी.

गणनेचा खरा बारकावा निबंधग्रंथांत आहे. मूळ कोंकणांतील गोळवलीच्या घराण्यांतले, पंढरपूरचे काशीनाथ उपाध्याय यांचा शके १७१२ चा धर्मसिंधु उघडून पाहावा. रात्रीं रजोदर्शन झाल्यास पहिला दिवस कोणता? रात्रीचे तीन भाग करून पहिले दोन पूर्वदिवसाचे व तिसरा पुढील दिवसाचा, असा एक पक्ष; मध्यरात्र ही मर्यादा, असा दुसरा; सूर्योदय, असा तिसरा; ज्याचा जसा देशाचार तसें त्यानें करावें. मागील ऋतूनंतर सतरा दिवसांच्या आंत पुनः रज दिसल्यास केवळ स्नान, अठराव्या दिवशीं एक रात्र, एकोणिसाव्यास दोन, विसाव्यापासून तीन. जिला नेहमींच लौकर विटाळ येतो, तिचा हिशेब निराळा. रोगामुळें होणारा स्राव धर्मशास्त्रानें ऋतूंतून वेगळा काढिला आहे. प्रत्येक स्त्रीच्या पाळीचें अंतर घरांत ठाऊक आहे असें गृहीत धरल्यावांचून हे नियम चालणारेच नाहींत.

मग तें लिहिलेलें कां सांपडत नाहीं? आमच्या मतें, लिहिण्याची गरजच नव्हती. मालवणी घरांत ‘कावळो शिवलो’ एवढें म्हटलें कीं सर्वांस कळे. बाई तीन दिवस बाहेर बसे व चौथ्या दिवशीं न्हाई. बाहेर बसणें हेंच दिनदर्शक होतें. त्यांतला जाचही तेवढाच उघड होता. लेखांत यावयाचें तें फक्त पहिलें न्हाण. तेव्हां मुलीस मखरांत बसवीत, आणि तिथि, वार, नक्षत्र पाहून अशुभ निघाल्यास भुवनेश्वरीची शांति करीत. पंचांगांत प्रथम रजोदर्शनाचीं फलें छापीत, तीं याकरितांच.

याच पहिल्या न्हाणावर वाद पेटला. ऋतुमती भार्येकडे न जाणारा भ्रूणहत्येच्या पापाचा धनी, हें पराशराचें वचन. तेव्हां प्रथम ऋतूच्या सोळा रात्रींतच गर्भाधान झालें पाहिजे, असें सनातनी पक्ष म्हणे. मुलगी दहा वर्षांची असली तरी रात्री मोजल्या जात. सन १८९० मध्यें कलकत्त्यास सुमारें दहा-अकरा वर्षांची फुलमणी दासी पतीच्या समागमानें मरण पावली. पुढें ९ जानेवारी १८९१ रोजीं सर अँड्र्यू स्कोबल यांनीं संमतिवय दहावरून बारावर नेणारें बिल मांडलें, व १९ मार्चला तें मंजूर झालें.

मालवणास ६ जुलै १८३७ रोजीं जन्मलेले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं त्याच वर्षीं विवाहाचें व समागमाचें वय धर्मशास्त्राप्रमाणें काय, या विषयावर पुण्यास एक इंग्रजी टिपण प्रसिद्ध केलें. प्रथम ऋतूंतच गर्भाधान करावें असें अनुल्लंघनीय शासन नाहीं, हें त्यांचें प्रतिपादन. गृह्यसूत्रांतील चतुर्थीकर्म वधू वयांत आल्यावांचून संभवत नाहीं, हाही मुद्दा त्यांनीं पुढें मांडला. टिळकांचा मुख्य आक्षेप परक्या सरकारनें धर्माचारांत हात घालूं नये हा होता; पण ग्रंथार्थावरही त्यांनीं भांडारकरांशीं झुंज दिली. आमच्या मतें ग्रंथार्थापुरता भांडारकरांचा पक्ष सबळ. सुश्रुत रजोदर्शनाचा आरंभ बाराव्या वर्षीं धरतो, पण सोळा वर्षांखालील मातेचा गर्भ तगत नाहीं असेंही बजावतो. म्हणजे वैद्यक गर्भाधानास चार वर्षें थांबावयास सांगत होतें, आणि कायदा आरंभाच्या बारापाशींच थांबला. जर्मन पंडित योली यांस उत्तरादाखल भांडारकरांनीं १८९३ मध्यें बालविवाहाच्या इतिहासावर पुनः लिहिलें.

मालवण, वेंगुर्लें, सावंतवाडी हा मुलूख १ मे १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मोडतो. तेथील भिक्षुकी घराण्यांच्या दप्तरांत ऋतुशांतीचे प्रयोग व जुनीं पंचांगें ज्यांच्या हातीं येतील, त्यांनीं समासांतील तिथि-घटिकांच्या नोंदीही उतरून घ्याव्या. नोंदीशेजारीं मुलीचें वय असल्यास तें प्रथम टिपावें.